काचेतला फौजदार

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलात तरी चालेल. माझे वडील म्हणायचे, ऐकणाऱ्याची पाठ सुखात असली की कान उघडे राहतात. ते पेटीवाले होते. कुरुंदवाडपासून निपाणीपर्यंत जिथे कीर्तन असेल तिथे बुवांच्या मागे बसून त्यांनी जन्मभर पेटी धरली, आणि मी त्यांच्या मांडीला लागून बसत मोठी झाले. त्यामुळे माणसं जवळ आल्याशिवाय मला काही सांगताच येत नाही. आज तुम्हाला एका माशाची गोष्ट सांगते. फार भांडखोर मासा होता. माझं मागणं एवढंच, की गोष्ट संपेपर्यंत कुणी चपला शोधायला उठायचं नाही. का, ते शेवटी कळेल.

श्रीरंग, म्हणजे आमचे यजमान, उंबऱ्यात उभे होते. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात पाण्यानं फुगलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत बोटाएवढा मासा. इचलकरंजीतल्या आमच्या घरातला स्वयंपाकघराचा कोपरा दारातून दिसायचा, तिथे मी भिंतीशी बसले होते. दवाखान्यातून येऊन आठवडा झाला असेल. आठवा महिना सरत आला असताना पोटातली हालचाल थांबली होती. दवाखान्यात नेलं, कळा आणवल्या, बाळ बाहेर आलं ते गेलेलंच. मला गुंगीचं इंजेक्शन दिलेलं होतं. नीट जाग आली तेव्हा खोलीत बाळ नव्हतं आणि श्रीरंगांच्या चपलांना नदीकाठचा चिखल लागलेला होता.

मला कुणी दाखवलं नाही. दाखवायचं नाही असंच ठरलं होतं, माझ्या भल्यासाठी. तोंड बघितलं की विसरता येत नाही, असं माझ्या सासूबाईंचं, माईंचं म्हणणं. नर्सबाईंनीही म्हणे मान हलवली. असल्या बाळाचे दिवस करत नाहीत, नाव ठेवत नाहीत. पंचगंगेकाठी नेऊन ठेवलं आणि संपलं. घरात सगळे पुन्हा आपापल्या कामाला लागले. मला दूध आटायच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या मी वेळेवर घेत होते. मी रडले नव्हते. शेजारणी येऊन माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या, मी त्यांना चहा करून द्यायची. श्रीरंग सायझिंगमध्ये होते, म्हणजे सुताला खळ लावतात त्या कारखान्यात. त्यांच्या कपड्यांना त्या खळीचा वास असायचा. मला वाटायचं, मलाही कुणीतरी खळ लावून वाळत घातलंय.

"हे काय आणलंस?" माईंनी विचारलं.

"मासा."

"माळकऱ्याच्या घरात मासा आणलास व्हय?"

"खायचा नाही माई. बघायचा."

"बघून काय करायचं?"

श्रीरंगांनी डबा खाली ठेवला. ते पिशवी धरून तसेच उभे राहिले. पिशवीतला मासा मात्र प्लास्टिकला धडका देत होता.

काचेची टाकी त्यांनी मित्राकडून आधीच आणून ठेवली होती. ती माजघरात ठेवली. बाळाच्या पाळण्यासाठी छताला नवी कडी ठोकून घेतली होती, तिच्या बरोबर खाली, कारण घरात तेवढीच जागा मोकळी होती. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग होते, त्यांच्या खटखटीनं टाकीतल्या पाण्यावर सारखी बारीक थरथर असायची. मी ती थरथर बघत बसायची. मासा बघत नव्हते, पाणी बघत होते.

टाकीत सोबतीला दोन नारिंगी मासे होते, गरीब स्वभावाचे. एका दिवसात त्यातल्या एकाची शेपटी गेली आणि दुसरा उलटा तरंगायला लागला. शेपटी गेलेला संध्याकाळपर्यंत टिकला. मग हा एकटाच राहिला. फ्लॉवरहॉर्न म्हणतात या जातीला. लाल डोळे, अंगावर काळे डाग, एका रेषेत फुलं टाचल्यासारखे. काचेवर बोट ठेवलं की बोटावर धावून यायचा. बोट नसलं तर काचेतल्या स्वतःच्या सावलीवर धावायचा. टाकीतली खडी तोंडानं उचलून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचा, मग तीच परत आणायचा. माईंनी एकदा त्याला हातानं खाणं घातलं, तर त्यानं बोटाचं साल काढलं.

"मेला अगदी फौजदार आहे," माई म्हणाल्या, आणि नाव पडलं.

फौजदार नर होता. तसा शब्द मासेवाल्या इकबालभाई बागवानांनी दिलेला होता. या जातीत नराच्या कपाळावर मोठा उंचवटा येतो, फुग्यासारखा, आणि लोक हे मासे पाळतात ते त्या उंचवट्यासाठी. मादीला तो येत नाही, तिला कुणी विचारत नाही. पण पिल्लू लहान असताना नर का मादी हे ओळखणं अवघड. श्रीरंग रोज घरी आले की हातपाय धुवायच्या आधी टाकीसमोर वाकायचे. "येतोय," म्हणायचे. "कपाळ जरा वर आल्यासारखं वाटतंय. बघ की हेमा." मी बघायची. मला कपाळासारखं कपाळ दिसायचं. "हो," म्हणायची.

त्या वर्षात भारनियमन फार होतं. वीज गेली की टाकीतला हवेचा पंप बंद पडायचा. श्रीरंग घरी नसायचे, माईंना गुडघ्यांमुळे उभं राहवत नसे, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मग्यानं पाणी काढायचं आणि उंचावरून परत टाकीत ओतायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. वीज येईपर्यंत मी ओतत राहायची. फौजदार आधी मग्यावर धावून यायचा. पुढे यायचा बंद झाला. पाणी पडायचं तिथे खाली येऊन उभा राहायचा. मी काढायची, ओतायची. माग बंद असल्यानं गल्ली शांत असायची, आणि पाण्याच्या आवाजाखेरीज घरात काही नसायचं. दिवसभरात मला एवढंच एक काम कळत होतं.

माझा भाऊ मला माहेरी न्यायला येऊन गेला. श्रीरंग त्याला म्हणाले, तिला जावंसं वाटलं तर ने. मला जावंसंही वाटत नव्हतं आणि राहावंसंही वाटत नव्हतं. वीज गेल्यावर टाकीचं कोण बघणार, असं मी काहीतरी बोलले. भाऊ श्रीरंगांकडे बघत राहिला. जाताना तो त्यांना दाराबाहेर हळू म्हणाला, ते मला ऐकू आलं. "दाजी, हिला अशी ठेवू नका. अशानं माणूस हातचं जातं." श्रीरंग दार लावून आत आले आणि टाकीसमोर वाकले.

थंडी सुरू झाली तेव्हा फौजदार वीतभर झाला होता आणि कपाळ काही वर येत नव्हतं. पाठीवरच्या पंखावर एक काळा ठिपका मात्र दिसायला लागला. कारखान्यात कुणीतरी सांगितलं, ठिपका म्हणजे मादी. श्रीरंग त्या दिवशी नीट जेवले नाहीत. रविवारी त्यांनी इकबालभाईंना घरीच बोलावून आणलं.

इकबालभाई मोठे गप्पिष्ट. आल्या आल्या माईंना नमस्कार केला, माझ्याकडे बघून "भाभी, बिनसाखरेचा" म्हणाले आणि टाकीसमोर पाट घेऊन बसले. ठिपक्यावर विश्वास ठेवू नका म्हणाले, लहानपणी तो नरालाही असतो, काहींचा जातो, काहींचा नाही. कपाळाचंही काही खरं नसतं, काहींचं उशिरा येतं. श्रीरंगांनी विचारलं, मग खात्री कशी करायची. तेव्हा इकबालभाईंनी अस्तन्या वर केल्या आणि ओलं फडकं मागितलं.

जाळीनं फौजदाराला धरायला त्या दोघांची पुरती दमछाक झाली. निम्मं पाणी फरशीवर. शेवटी इकबालभाईंनी ओल्या फडक्यात गुंडाळून त्याला उताणा धरला, फक्त पोटाची मागची बाजू उघडी. तिथे दोन छिद्रं असतात म्हणे. मागचं टोकदार दिसलं तर नर, रुंद दिसलं तर मादी. हलकं दाबलं तर कधीकधी नराचं पांढरं पाणी येतं, मग शंकाच राहत नाही.

"चष्मा कुठाय माझा?" इकबालभाई म्हणाले.

"डोक्यावर आहे," माई म्हणाल्या.

इकबालभाईंनी चष्मा खाली घेतला, वाकून बघायला लागले, आणि मग त्यांना गंमत सुचली. त्यांना आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं, त्यांचा दोष नाही.

"भाभी, तेवढं दार लावून घ्या. दवाखान्यात असं बघितलं तर आत घालतात. बोर्डच लावलेला असतो."

ते एकटेच हसले. माई उठून स्वयंपाकघरात गेल्या. श्रीरंग फरशीवरचं पाणी पुसायला लागले, जिथे पाणी नव्हतं तिथेही पुसत राहिले. मी दाराशी उभी होते. दार लावायला सांगितलं म्हणून मी ते लावलं. मग विचारलं, "काय आहे?"

"अं?"

"नर का मादी?"

श्रीरंगांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांत मी आपणहून काही विचारलं नव्हतं.

"पोरगा आहे भाभी," इकबालभाई म्हणाले. "शंभर टक्के पोरगा. पेढे वाटा."

फौजदाराला परत पाण्यात सोडलं. तो तळाशी जाऊन तोंड उघडत, मिटत पडून राहिला. मी चहाचे कप गोळा केले, विसळले, पालथे घातले. पालथे घालता घालता मला वाटलं, माशाचं विचारता आलं मला. तोंड उघडलं आणि शब्द बाहेर आले, कुणी मला मारलं नाही. बाळाचं मी एवढ्या महिन्यांत कुणालाच विचारलं नव्हतं. सगळे बाळ म्हणायचे, मीही बाळ म्हणायची. पेढे वाटायचे होते का बर्फी, हे घरात दोघांना माहीत होतं आणि मला नव्हतं. त्या रात्री पानं वाढताना मी श्रीरंगांसमोर उभी राहिले. म्हटलं, आता विचारायचं. आणि विचारलं, "भात वाढू का?"

असं पुष्कळदा झालं. विचारायला जायची आणि भात, कपडे, दळण असलं काहीतरी तोंडातून निघायचं. श्रीरंगही माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला यायचे, आणि म्हणायचे, "कपाळ येतंय बघ."

मग चैत्र आला. एके दिवशी सकाळी मी टाकीशी गेले तर फौजदार विचित्र वागत होता. टाकीत एक मातीची कुंडी आडवी टाकलेली होती, लपायला म्हणून. तिची आतली बाजू तो तोंडानं घासत होता. घासतोय, मागे सरतोय, परत घासतोय. माई पोथी वाचताना आधी चौरंग पुसून घेतात, तसं. दुपारपर्यंत त्या कुंडीच्या आत बारीक पिवळसर मणी चिकटलेले दिसले. ओळीनं, एकाशेजारी एक. फौजदार त्यांच्यावर उभा राहून बाजूचे पंख हलवत होता, वारा घातल्यासारखे.

श्रीरंग घरी आले, वाकले, आणि बराच वेळ वाकूनच राहिले. माई काठी टेकत बघायला आल्या.

"अंडी की रे ती," त्या म्हणाल्या. "फौजदारीण निघाली." त्यांना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून हसल्या, मग श्रीरंगांचं तोंड बघितलं आणि काठी टेकत आत गेल्या.

इकबालभाईंना फोन झाला. ते म्हणाले, देवाची करणी, आम्हीही माणसंच. ती अंडी रिकामी आहेत, नराशिवाय घातलेली. एकदोन दिवसांत पांढरी पडतील, कुजतील, पाणी खराब करतील, तेव्हा काढून टाका. आणि मासा दुकानात आणा, बदलून नर देतो, चांगला कपाळवाला. श्रीरंग फोनवर "बघतो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडायला लागली. कडेची आधी, मग आतली. फौजदारीण मात्र वारा घालत होती. खाणं टाकलं तर खाल्लं नाही. एखादं अंडं सुटून खाली पडलं तर तोंडात धरून परत कुंडीत नेऊन ठेवायची. मी सकाळपासून बघत होते. दुपार झाली, माईंनी जेवायला हाक मारली, मी जेवून परत येऊन बघत बसले. संध्याकाळी मला तिथे बसवेना. पायात चपला घातल्या आणि राममंदिरात गेले.

मंदिरात चैत्रातली कीर्तनं चालू होती. मी गेले नव्हते त्या वर्षी. लहानपणापासून एकही चैत्र चुकवला नव्हता, पण त्या वर्षी जाऊन काय ऐकायचं तेच कळत नव्हतं. सभामंडपात सतरंज्या अंथरल्या होत्या, माणसं यायची होती, पेटीवाला सूर धरून बघत होता. दाराशी फळा लावलेला असतो. आजची कीर्तनसेवा अमक्यांच्या स्मरणार्थ, असं खडूनं लिहितात, आणि आरतीच्या आधी बुवा ती नावं मोठ्यानं वाचतात. शिवाप्पा गुरव म्हातारे, तेच वर्षानुवर्षं तो फळा लिहायचे. त्या वेळीही लिहीत होते.

"काका," मी म्हणाले, "लहान मुलाच्या नावानं सेवा लिहिता येते का?"

"येते की. किती लहान?"

"जन्मलं ते गेलेलंच."

त्यांनी खडू खाली घेतला. वळून माझ्याकडे बघितलं. "नाव काय?"

"ठेवलं नाही."

"मग ठेव की. उशीर कुठे झालाय." परत फळ्याकडे वळले. "मुलगा का मुलगी?"

एवढं साधं विचारलं त्यांनी. मी उभी राहिले. पेटीवाला तेच दोन सूर परत परत दाबत होता, काळी एक, पांढरी एक. बायका यायला लागल्या होत्या, कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावून पुढे गेलं.

"विचारून सांगते," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. कुणाला विचारणार, असंही म्हणाले नाहीत. "कीर्तनं आहेत अजून," म्हणाले. "फळा कुठे जातोय."

मी कीर्तनाला बसले नाही. घरी परत आले. बाहेर अजून उजेड होता. श्रीरंग टाकीशी उभे होते, शर्टाची बाही कोपरापर्यंत गुंडाळलेली, आणि हात पाण्यात. कुंडी बाहेर काढायचा प्रयत्न चालला होता. फौजदारीण त्यांच्या हातावर तुटून पडत होती. मनगटाजवळ कातडं फाटून रक्ताची बारीक रेघ पाण्यात उठत होती. टाकीतलं पाणी हेलकावत होतं, त्यात ती पांढरी अंडी दिसत होती.

"राहू द्या," मी म्हणाले.

"कुजलीत हेमा. पाणी नासेल."

"पाणी बदलू. राहू द्या."

"त्यातून काही निघणार नाही."

"तिला माहीत असेल. राहू द्या, तिला बघू द्या."

श्रीरंगांनी हात बाहेर काढला. त्याच वेळी वीज गेली. पंपाची घरघर थांबली, मागच्या गल्लीतले माग एकेक करून थांबले, आणि पाण्यावरची थरथर गेली. मी सवयीनं मगा उचलला. पाणी काढलं, ओतलं. परत काढलं. ती तिथेच कुंडीवर उभी होती, या वेळी मग्याखाली आली नाही.

"मला दाखवलं नाहीत तुम्ही," मी म्हणाले. आवाज भात वाढू का म्हणताना असतो तसाच होता. "मुलगा होता का मुलगी?"

स्वयंपाकघरात माई भांडी लावत होत्या. तो आवाज थांबला.

श्रीरंगांच्या बोटांवरून पाणी फरशीवर गळत होतं. "मुलगी होती," ते म्हणाले.

मी पाणी ओतलं.

"केस होते. पुष्कळ होते, काळे. ओले होते म्हणून कपाळाला चिकटलेले. मी बाजूला केले." ते खाली बघूनच बोलत होते. "कानाची पाळी तुझ्यासारखी. तुझ्या डाव्या कानाला घडी आहे ना, तशीच. बोटं लांब होती. माईंनी आपलं जुनं लुगडं फाडून दिलं, मऊ होतं म्हणून, त्यात गुंडाळली. डोळे मिटलेले होते. झोपल्यासारखी दिसत होती असं लोक म्हणतात, तसं मी म्हणणार नाही. मिटलेले होते. वाटेत सोबत आलेल्या माझ्या मामानं विचारलं, मी घेऊ का. मी नाही दिली."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला नकोय. आणि माई म्हणाल्या होत्या..." त्यांनी ते वाक्य सोडून दिलं. "सगळीकडे शांत शांत झालं होतं घरात. काहीतरी हलतं असावं म्हणून हा मासा आणला. इकबालभाईंना म्हटलं, नरच द्या. मादी निघाली असती तर रोज घरात म्हणावं लागलं असतं, ती जेवली का, ती काय करते. ते माझ्यानं म्हणवलं नसतं."

मग ते टाकीकडे वळले आणि म्हणाले, "तिनं कालपासून काही खाल्लं नाही."

मी मगा खाली ठेवला. रडू आलं असं सांगितलं तर गोष्ट बरी दिसेल, पण तसं काही झालं नाही. डावा हात आपोआप कानाकडे गेला. पाळीची घडी बोटाला लागली, एवढंच मला आठवतं. ओल्या हातानं मी ती धरून उभी राहिले. माई दारात आलेल्या होत्या, पण आत आल्या नाहीत.

नाव रात्री जेवताना ठरलं. मी म्हटलं वेणू, श्रीरंग हो म्हणाले. माईंनी मान खाली घालून भाकरी मोडली.

सकाळी उठले तेव्हा माई घरात नव्हत्या. गुडघ्यांमुळे त्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जात नसत. बऱ्याच वेळानं काठी टेकत आल्या, पायरीवर बसून दम घेतला, कुठे गेला होता म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "इथंच." संध्याकाळी मी आणि श्रीरंग नाव सांगायला मंदिरात गेलो, तर शिवाप्पा काका म्हणाले, आता काय सांगता, आणि खडूच्या हातानं फळ्याकडे दाखवलं. आजची कीर्तनसेवा, वेणू श्रीरंग. खाली त्यांनी कमळ काढलं होतं. ते एरवी कुणासाठी काढत नाहीत.

बुवा त्या दिवशी कशावर बोलले ते मला सांगता येणार नाही. मी सगळं कीर्तन बसून होते, श्रीरंग पुरुषांच्या बाजूला होते, माई माझ्याजवळ खुर्चीवर. उत्तररंग झाला. आरतीच्या आधी बुवांनी कागद हातात घेतला आणि नाव वाचलं. कधी न बघितलेल्या माणसाच्या तोंडून ते पहिल्यांदा मोठ्यानं आलं. नेहमीसारखी निम्मी माणसं त्याच वेळी उठून चपला शोधायला लागली होती. दाराशी गर्दी, ही माझी, ती तुझी, चाललेलं. मीही आजवर कितीदा तशी उठले असेन, नावं कुणाची वाचतात ते कधी कानात शिरलं नाही. त्या दिवशी मी बसून ऐकलं. माईंचा हात माझ्या पाठीवर होता, त्यांनी तो आरती होईपर्यंत काढला नाही.

फौजदारणीनं आपली अंडी शेवटी स्वतःच खाल्ली. मासे खातात. कुंडी परत घासून लख्ख केली आणि दुसऱ्या दिवसापासून माईंच्या बोटावर धावून यायला लागली. इकबालभाईंनी दोनदा निरोप पाठवला, मासा बदलून न्या म्हणून. श्रीरंग म्हणाले, ती आमच्याकडेच बरी आहे. तिला कपाळ कधी आलं नाही. पुढे आम्हाला मुलगा झाला, तो रांगत टाकीशी जाऊन काचेला तोंड लावायचा आणि ती त्याच्या नाकावर धडका द्यायची, तिथपर्यंत होती. वीज जाणंही नंतर कमी झालं. पण गेली की मी पाणी ओतायची, आणि ती खाली येऊन उभी राहायची.

झाली माझी गोष्ट. आता उठा, चपला तिकडे उजव्या हाताला आहेत. फक्त पुढच्या वेळी कुठल्याही देवळात कीर्तनाला बसाल, आणि शेवटी बुवा नावं वाचायला लागतील, तेव्हा तेवढा वेळ बसून राहा. नावं ओळखीची नसतील, नसू देत. त्यांच्यानंतर मनातल्या मनात एक माझंही घ्या. केस काळे होते, पुष्कळ होते. डाव्या कानाच्या पाळीला घडी होती. वेणू म्हणा.